दोन रेषांमधली जागा

समुद्रतळाखालचा खडक कोरडा नसतो. त्याच्या कणांमधल्या बारीक छिद्रांत पाणी असते, क्वचित तेल किंवा वायू असतो, आणि हा द्रव ज्या दाबाखाली असतो त्याला छिद्रदाब म्हणतात. छिद्रे एकमेकांना जोडलेली असतील आणि ती जोडणी थेट समुद्रतळापर्यंत पोहोचत असेल, तर छिद्रदाब फक्त वरच्या पाण्याच्या वजनाइतका राहतो. दर दहा मीटरला सुमारे एक बार, म्हणजे समुद्रसपाटीपासून तीन किलोमीटर खाली जवळपास 300 बार. हा झाला सर्वसाधारण दाब. त्याच ठिकाणी वरच्या खडकाचे वजन मात्र खूप जास्त असते. खडकाचा भार दर दहा मीटरला सव्वादोन बारच्या आसपास वाढत जातो.

तेलविहिरीचा आराखडा करणारे अभियंते खोलीच्या आलेखावर दोन रेषा काढतात. खालची रेषा छिद्रदाबाची. वरची रेषा ज्या दाबाला खडक तडकेल त्या दाबाची; ही रेषा खडकाच्या एकूण भारापेक्षा बहुधा थोडी कमी असते, कारण भूगर्भात आडवा ताण उभ्या भारापेक्षा सहसा कमी असतो आणि तडा त्या कमी ताणाच्या दिशेने उघडतो. विहिरीत भरलेल्या चिखलद्रावाचा, तेलक्षेत्रात ज्याला सगळे ‘मड’च म्हणतात त्याचा दाब या दोन रेषांच्या मध्ये राहिला पाहिजे. तो खालच्या रेषेखाली गेला तर खडकातला द्रव विहिरीत शिरतो, वरच्या रेषेवर गेला तर मड खडकात निघून जाते. तेलाच्या साठ्यावरचे खडकाचे झाकण टिकणार की फुटणार, याचा निकालही याच दोन रेषांमधल्या अंतरावर लागतो. निसर्ग ती परीक्षा लाखो वर्षे घेत असतो, ड्रिलिंग करणारे ती एका पाळीत घेतात, एवढाच फरक.

छिद्रदाब सर्वसाधारण पातळीच्या वर चढण्याचे सर्वांत मोठे कारण गाळ साचण्याचा वेग हे आहे. नदीने आणलेला चिकणमातीचा गाळ समुद्रतळावर पडतो तेव्हा त्याच्या आकारमानातला निम्म्याहून अधिक भाग पाण्याचा असतो. वर नवा गाळ पडत गेला की खालचा दबतो आणि पाणी बाहेर पडते. फडक्यात बांधलेल्या दह्यावर वजन ठेवले की पाणी गळून चक्का घट्ट होतो, तसेच हे. पण वजन झटकन वाढवले आणि फडक्याची छिद्रे बुजली तर पाणी आतच अडकते. चिकणमातीचा थर स्वतःच असे बुजलेले फडके असतो. पाणी निघू शकले नाही की वरचा भार कणांऐवजी पाण्यालाच पेलावा लागतो. एकूण भार म्हणजे कणांनी पेललेला ताण अधिक पाण्याचा दाब, हे साधे समीकरण कार्ल टेरझागी यांनी 1920च्या दशकात इस्तंबूलमध्ये मातीवर प्रयोग करताना मांडले. त्यांना इमारतींच्या पायांची चिंता होती. तेल उद्योगाने ते समीकरण उचलले आणि आजही छिद्रदाबाचा बहुतेक सगळा हिशेब त्यावरच चालतो.

म्हणूनच अतिदाबाची ठळक उदाहरणे मोठ्या नद्यांच्या मुखांपाशी सापडतात: मिसिसिपीसमोरचे मेक्सिकोचे आखात, नायजरचा त्रिभुज प्रदेश, बोर्निओतल्या महाकामचे मुख, आणि आपल्याकडे कृष्णा-गोदावरीचे खोरे. दुसऱ्या गटातली कारणे खोलीवर आणि उष्णतेवर अवलंबून असतात. साधारण 80 अंश सेल्सिअसच्या पुढे स्मेक्टाइट नावाचे चिकणमातीचे खनिज हळूहळू इलाइटमध्ये बदलू लागते आणि त्याच्या थरांत बांधलेले पाणी मोकळे होते. आणखी उष्णता मिळाली की खडकातल्या सेंद्रिय द्रव्यातून, आणि पुढे तेलातूनही, वायू सुटतो. मूळ पदार्थापेक्षा त्याला जास्त जागा लागते, आणि ती मिळाली नाही तर दाब चढतो.

मूळ कारण ओळखणे ही निव्वळ अभ्यासकी हौस नाही. दाबाचा अंदाज कोणत्या पद्धतीने बांधायचा हे कारणावर ठरते, आणि कारण चुकले की अंदाज धोकादायक दिशेने, म्हणजे कमी दाबाच्या बाजूने, चुकतो.

आता झाकणाकडे वळू. तेल आणि वायू पाण्यापेक्षा हलके, म्हणून ते सच्छिद्र वालुकाश्मातून किंवा चुनखडीतून वर सरकत राहतात आणि एखाद्या घुमटाकार रचनेच्या माथ्याशी येऊन थांबतात. थांबतात, कारण वर शेलचा, म्हणजे दबून खडक झालेल्या चिकणमातीचा, किंवा मिठाचा थर असतो. मीठ जवळजवळ अभेद्य. शेलचे तसे नाही; त्यालाही छिद्रे असतात, फक्त ती काही नॅनोमीटर ते काही डझन नॅनोमीटर इतकी बारीक असतात आणि पाण्याने भरलेली असतात. तेलाच्या किंवा वायूच्या थेंबाला त्या छिद्रात शिरायचे तर पृष्ठताणावर मात करावी लागते. वायू आणि पाणी यांच्यातला पृष्ठताण दर मीटरला 0.05 न्यूटन आणि छिद्राची त्रिज्या 20 नॅनोमीटर धरली, तर आत शिरायला सुमारे 50 बार जास्तीचा दाब लागतो. पाणी आणि दाबाखालचा वायू यांच्या घनतेतला फरक घनमीटरला 800 किलो धरला, तर एवढा दाब तयार व्हायला वायूचा स्तंभ सहाशे मीटरहून उंच हवा. चांगल्या शेलखाली एवढा मोठा साठा शांतपणे पडून राहू शकतो, त्याचे कारण हे. छिद्रे दसपट मोठी असली, म्हणजे शेलमध्ये गाळमातीचे प्रमाण वाढले, की तोच हिशेब साठ-पासष्ट मीटरवर येतो. प्रयोगशाळेत हे तपासताना खडकाच्या तुकड्यात दाबाने पारा घुसवतात. पारा खडकाला भिजवत नाही, त्यामुळे कोणत्या दाबाला तो आत शिरला यावरून छिद्रांचा आकार कळतो.

या प्रकारे गळणारे झाकण फुटत नाही. स्तंभाची उंची मर्यादेपेक्षा वाढली की जास्तीचा वायू झिरपतो, दाब उतरतो, झिरपणे मंदावते. साठा अर्धवट राहतो, पण राहतो.

दुसरा प्रकार वेगळा. छिद्रदाब चढत चढत खडकाच्या सर्वांत कमी ताणाला आणि खडकाच्या तन्यबलाला गाठतो, आणि झाकण तडकते. इथे वरची आणि खालची रेषा एकमेकींना भिडलेल्या असतात. दोघींतले अंतर हीच झाकणाची शिल्लक ताकद मानली जाते, आणि उत्तर समुद्राच्या मध्यभागातल्या खोल, अतिदाबाच्या रचनांचा अभ्यास 1990च्या दशकात याच मोजमापाने झाला. निष्कर्ष अपेक्षेप्रमाणेच निघाला: अंतर कमी उरलेल्या रचना बऱ्याचदा रिकाम्या सापडल्या.

अंतर मोजायचे ते मात्र रचनेच्या माथ्याशी. वालुकाश्माचा थर तिरपा असेल तर त्यातले पाणी सलग जोडलेले असते. खोल टोकाकडे शेलमधून आलेला अतिदाब त्या पाण्यातून उथळ टोकापर्यंत पोहोचतो. परिणामी माथ्यावरच्या वालुकाश्मातला दाब लगतच्या शेलमधल्या दाबापेक्षा जास्त भरतो, आणि तिथेच वरची रेषा सर्वांत खाली असते. त्यात वायूच्या स्तंभाच्या उत्प्लावनाची भर. झाकण फुटायचे तर पहिल्यांदा माथ्यावर फुटते. विहीर मात्र बहुतेक वेळा माथ्यावरच खोदायची असते, कारण तेल तिथे असते!

फुटलेल्या किंवा गळलेल्या झाकणाच्या खुणा मागे राहतात. भूकंपलहरींच्या चित्रात साठ्याच्या वर धुरकट, विस्कटलेल्या प्रतिमेचे उभे पट्टे दिसतात. वर चढलेल्या वायूमुळे तिथल्या लहरी मंदावतात आणि विखुरतात. समुद्रतळावर खळगे पडलेले असतात. ऑस्ट्रेलियाच्या वायव्येला तिमोर समुद्रात वालुकाश्माच्या कणांमध्ये बंदिस्त झालेले तेलाचे सूक्ष्म थेंब सूक्ष्मदर्शकाखाली मोजून एके काळी साठा कुठपर्यंत होता हे ठरवले गेले. तिथे अलीकडच्या भूशास्त्रीय काळात जुने भ्रंश पुन्हा सरकले आणि भरलेल्या रचना रित्या झाल्या. बॅरेंट्स समुद्राची कथा निराळी. हिमनद्यांनी तिथला वरचा खडक खरवडून नेला, भार उतरला, साठ्यातला वायू प्रसरण पावला आणि तेल खालच्या कडेने बाहेर ढकलले गेले. काही झाकणेही तडकली. अनेक विहिरींत म्हणून फक्त तेलाचे अवशेष सापडतात. विहीर कोरडी निघाली की दोष स्रोतखडकावर, म्हणजे ज्यात तेल तयार होते त्या खडकावर, टाकण्याची सवय जुनी आहे. पण अशा खोऱ्यांत तेल तयार झालेच होते, ते टिकले नाही.

दाब मोजण्याची खरी अडचण ही की विहीर तिथे पोहोचेपर्यंत तो मोजताच येत नाही. आधीचे सगळे अनुमान. त्याचा पाया 1965मध्ये हॉटमन आणि जॉन्सन यांनी घातला. मेक्सिको आखाताच्या किनाऱ्यावरच्या विहिरींत त्यांनी दाखवले की शेल नीट दबला असेल तर ध्वनिलहरीला तो पार करायला लागणारा वेळ खोलीबरोबर नियमित कमी होत जातो. जिथे तो अचानक वाढतो तिथे शेलमध्ये पाणी अडकलेले असते आणि दाब जास्त असतो. बेन ईटन यांनी 1975मध्ये याचे सोपे सूत्र केले. नियमित अपेक्षित वेळ आणि प्रत्यक्ष वेळ यांच्या गुणोत्तराचा घन घ्यायचा, की दाब मिळतो. हे सूत्र पन्नास वर्षे जगभर वापरात आहे आणि विहीर खोदण्याआधी भूकंपलहरींच्या वेगांवरही ते चालवतात.

पण सूत्राच्या मर्यादा विसरल्या जातात. ते दबण्यावर आधारलेले आहे. वायू तयार होऊन किंवा खनिज बदलून दाब नंतर चढला असेल, तर शेल आधीच दबून बसलेला असतो. छिद्रे पुन्हा पूर्वीइतकी उघडत नाहीत, लहरींचा वेग फारसा कमी होत नाही, आणि सूत्र दाब कमी दाखवते. बॉवर्स यांनी 1995मध्ये यासाठी वेगळी पद्धत दिली. चुनखडीत तर ईटनचा आधारच निखळतो, कारण तिची सच्छिद्रता भारापेक्षा रासायनिक सिमेंटवर अवलंबून असते. मुंबई हायचे मुख्य साठे मायोसीन काळातल्या चुनखडीतले आहेत. तिथे 1974मध्ये ‘सागर सम्राट’ या रिगने तेल शोधले, 1976पासून उत्पादन सुरू झाले, आणि गेल्या काही दशकांतली चिंता उलट आहे: दाब उतरतो म्हणून पाणी भरून तो टिकवावा लागतो. दाब उतरलेल्या थरात वरची रेषाही खाली येते. अशा थरातून पुढे खोल खोदताना मड खडकात निसटून जाण्याचा धोका असतो.

खोदकाम सुरू झाले की इशारे मिळू लागतात. दबलेल्या शेलमध्ये ड्रिल बिट सावकाश चालतो. वेग एकाएकी वाढला तर खाली मऊ, पाण्याने फुगलेला थर असू शकतो. बिटवरचा भार, फेरे आणि वेग यांना एका आकड्यात आणणारी पद्धत जॉर्डन आणि शर्ली यांनी 1966मध्ये सुचवली, आणि रिगवरच्या मड-लॉगिंग केबिनमध्ये ती आजही चालते. त्याच केबिनमध्ये मडबरोबर वर आलेला वायू मोजतात. चाळणीवर आलेले खडकाचे तुकडेही बोलतात. बिटने कापलेला तुकडा लहान आणि बोथट असतो. विहिरीच्या भिंतीतून दाबाने उडालेला तुकडा लांबट, पातळ, टोकदार असतो. चाळणीवर असे टोकदार तुकडे वाढू लागले की मडचे वजन पुन्हा तपासायची वेळ झालेली असते. परत येणाऱ्या मडच्या टाकीतली पातळी आपोआप वाढली तर तो इशारा उरत नाही, ती किक असते: खडकातला द्रव विहिरीत शिरलेला असतो.

वरची रेषा मोजायची पद्धत जास्त थेट आहे. विहिरीचा एक टप्पा पोलादी नळीने, म्हणजे केसिंगने, बंद करून सिमेंट भरले, की केसिंगच्या तळाखाली तीन-चार मीटर नवा खडक खोदतात. मग विहिरीच्या तोंडावरची झडप, म्हणजे ब्लोआउट प्रिव्हेंटर, बंद करून मड अगदी सावकाश, बॅरलच्या पाव भागाने, आत ढकलतात आणि प्रत्येक वेळी दाब लिहून घेतात. आलेखावर बिंदू सरळ रेषेत चढत जातात. ज्या बिंदूपाशी रेषा वाकते, तिथे मड खडकात शिरू लागलेले असते. हीच लीक-ऑफ चाचणी. पुढच्या टप्प्यात मडचे वजन किती वाढवता येईल हे या एका वाकण्यावर ठरते. घाईत केलेली चाचणी सुबक आलेख देते आणि खोटा धीर देते. गळणारे सिमेंट खडकासारखे वागू शकते, किंवा चाचणी वाकण्याआधीच थांबवलेली असते.

खोल समुद्रात हे सगळे अधिक अवघड होते, कारण दोन रेषांमधली जागा मुळातच कमी असते. वरच्या दीड किलोमीटर खडकाच्या जागी दीड किलोमीटर पाणी आले की एकूण भार जवळपास 190 बारने घटतो. वरची रेषा तेवढी खाली सरकते. अतिदाब असेल तर खालची रेषा मात्र वरच राहते. मग थोडे खोदायचे, केसिंग घालायची, पुन्हा थोडे खोदायचे, असे करावे लागते. प्रत्येक केसिंग आधीच्यापेक्षा अरुंद, आणि एका खोलीनंतर पुढे जायला व्यासच उरत नाही.

झाकण माणसाने फोडल्याचे जुने आणि बोलके उदाहरण कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बराचे. 28 जानेवारी 1969 रोजी प्लॅटफॉर्म ‘ए’वरच्या सुमारे एक किलोमीटर खोल विहिरीतून ड्रिल पाइप वर काढताना किक आली. कामगारांनी विहीर काही मिनिटांत बंद केली. नियमापेक्षा कमी केसिंगची सवलत मिळाली होती आणि वरची केसिंग समुद्रतळाखाली जेमतेम 70 मीटर होती. बंद विहिरीत चढलेला दाब केसिंगच्या खालच्या उघड्या, भेगाळ खडकात शिरला आणि समुद्रतळ ठिकठिकाणी फाटून तेल वर आले. विहीर बंद करणे म्हणजे धोका टळणे असे नाही, हे त्या दिवशी कळले. ब्राझीलच्या कांपोस खोऱ्यातल्या फ्राडे क्षेत्रात नोव्हेंबर 2011मध्ये तोच प्रकार झाला. साठ्यातला दाब अपेक्षेपेक्षा जास्त निघाला, किक आली, विहिरीचा केसिंग नसलेला भाग तडकला आणि तेल समुद्रतळातून निघाले. नियामक संस्थेने गळतीचा आकडा सुमारे 3,700 बॅरल दिला.

स्कॉटलंडपासून पूर्वेला एल्गिन क्षेत्रात मूळ दाब 1,100 बार आणि तापमान जवळपास 190 अंश सेल्सिअस. पाच किलोमीटरहून थोड्या जास्त खोलीवरचा हा दाब सर्वसाधारण दाबाच्या दुप्पट भरतो. 25 मार्च 2012 रोजी तिथे वायूगळती झाली, 238 जणांना हलवावे लागले, आणि गळती मे महिन्याच्या मध्यापर्यंत चालली. वायू मुख्य साठ्यातला नव्हता. तो वरच्या, उत्पादनासाठी विचारातही नसलेल्या खडूच्या थरातून आला होता. दाबाचा आराखडा फक्त साठ्यापुरता काढून भागत नाही, याचे हे उदाहरण.

भारताच्या पूर्व किनाऱ्यावर कृष्णा-गोदावरी खोऱ्यात 8 जानेवारी 1995 रोजी पासर्लापुडी इथल्या जमिनीवरच्या विहिरीत ब्लोआउट झाला, म्हणजे वायू बेलगाम बाहेर उसळला, आणि आग विझवायला दोन महिन्यांहून अधिक काळ लागला. त्याच खोऱ्यातल्या समुद्रातल्या दीनदयाळ क्षेत्राबद्दल 2005मध्ये 20 लाख कोटी घनफूट वायूची घोषणा झाली होती. घट्ट खडक, उच्च दाब आणि उच्च तापमान यांनी ती आशा बरीच खाली आणली, आणि 2017मध्ये ओएनजीसीने त्यातला 80 टक्के हिस्सा घेतला.

मेक्सिको आखातातली मॅकोंडो विहीर दीड किलोमीटर पाण्याखाली होती. एप्रिल 2010मध्ये साडेपाच किलोमीटरच्या पुढे मड खडकात निसटू लागले. वरच्या एका वाळूच्या थराला जड मड हवे होते, खालच्या साठ्याला ते सोसत नव्हते. दोन रेषांमध्ये जागा उरली नाही, म्हणून ठरलेल्या खोलीच्या आधीच, सुमारे 5,600 मीटरवर, खोदकाम थांबवले गेले. 20 एप्रिलला विहिरीच्या तळाशी भरलेल्या सिमेंटने साथ दिली नाही आणि तेल-वायू वर उसळला. स्फोटात 11 माणसे गेली. तोवर तेल वाहतच राहिले; 15 जुलैला विहिरीवर टोपण बसवून ती बंद केली तेव्हा प्रश्न सांता बार्बराचाच होता: आतून केसिंग फुटली असेल तर तेल खडक फोडून समुद्रतळातून निघेल. बंद विहिरीतला दाब 515 बारच्या वर गेला तर विहीर शाबूत, 415च्या खाली राहिला तर फुटलेली, असे आधी ठरले होते. दाब 455च्या आसपास थांबला.

विहीर पुन्हा उघडायची का, यावर वाद सुरू झाला. अमेरिकेच्या भूशास्त्र सर्वेक्षणातले भूजलतज्ज्ञ पॉल शे यांना दाबाच्या आलेखाचा मोबाइलवर काढलेला फोटो मिळाला. त्यांनी रात्रभर बसून साठ्याचे गणिती प्रारूप तयार केले आणि सकाळी दाखवले की बारा आठवडे तेल वाहून गेल्याने साठ्यातलाच दाब उतरला असेल, तर गळती नसतानाही नेमका हाच आकडा येईल. विहीर बंदच ठेवली गेली. बाजूने खोदलेल्या दुसऱ्या विहिरीतून तळाशी सिमेंट भरल्यावर 19 सप्टेंबर 2010 रोजी मॅकोंडो कायमची बंद झाल्याचे जाहीर झाले.